स्टोमा बॅग बदलण्याचे साहित्य आधीपासून तयार कसे ठेवावे?

लालबागची लेक यांचा प्रश्न :

नमस्कार. माझ्या बाबांचे वय ६७ आहे. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन आज २४ दिवस झाले. त्या वेळी डॉक्टरांनी पोटाच्या उजव्या बाजूला तात्पुरती इलिओस्टॉमी (लहान आतडे पोटावर उघडून मळाला केलेली वाट; त्या तोंडाला स्टोमा म्हणतात) केली असून केमोथेरपी पूर्ण झाल्यावर ती बंद करता येईल, असे त्यांनी सांगितले आहे. रुग्णालयातल्या स्टोमा नर्सने मला आणि माझ्या भावाला बॅग बदलण्याची पद्धत दोनदा करून दाखवली आणि एकदा आमच्याकडून करवूनही घेतली, त्यामुळे पद्धतीबद्दल माझा प्रश्न नाही. आमचे घोडे अडते ते तयारीपाशी.

गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराच्या सुमारास प्लेटच्या (स्टोमाभोवती कातडीला चिकटवायची, बॅग धरून ठेवणारी चकती) खालच्या कडेने गळू लागले. मी घाईने प्लेट सोडवली आणि मग लक्षात आले की कात्री जागेवर नाही. भावाने ती दुधाची पिशवी कापायला नेली होती आणि तिथून ती कुठे गेली, हे त्यालाही सांगता येईना. आमच्याकडे पाणी पहाटेच येते, त्यामुळे पिंपातले गार पाणी गॅसवर ठेवले. स्टोमाच्या मापाचा कागद औषधांच्या बिलांमध्ये जाऊन बसला होता. हा सगळा शोध चालू असताना बाबा स्टुलावर, सदऱ्याचा घोळ हनुवटीखाली धरून, एका हाताने स्टोमावर टिश्यूचा गठ्ठा दाबून बसले होते, आणि आतून तर काही थांबत नव्हते. शेवटी प्लेटमधले स्टोमासाठीचे भोक मापाशिवायच कापले, ते मोठे झाले, आणि दुसऱ्या दिवशी स्टोमाभोवतीची कातडी लालभडक झाली. आईने मायेपोटी तिथे खोबरेल तेल लावले. त्यानंतरची प्लेट जेमतेम चार तास टिकली.

आमचे घर चाळीतले, दोन खोल्यांचे आहे. प्रत्येक वस्तू स्वतंत्र जागी ठेवायला जागा नाही. मला विचारायचे आहे ते असे : बॅग बदलण्याआधी नेमके काय काय हाताशी असले पाहिजे, प्लेट आधीच कापून ठेवल्या तर चालतात का, साठा किती आणि कुठे ठेवावा, आणि रात्री-अपरात्री गळाल्यास ही धावपळ होऊ नये म्हणून आपण काय करता? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

माहीमची माशी यांचे उत्तर :

ताई, मला अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार) कायमची इलिओस्टॉमी करावी लागली, त्याला आता ११ वर्षे झाली. पहिल्या तीन महिन्यांत आमच्या घरीही तुमच्यासारखेच नाटक होत असे, फक्त कात्रीऐवजी आमच्याकडे चष्मा हरवायचा. तुमच्या वर्णनात कात्री हरवली हे खरे असले तरी माझ्या मते खरी चूक त्याच्या आधीची आहे. जुनी प्लेट आधी निघाली आणि साहित्य नंतर शोधले गेले. नवी प्लेट कापलेली, बॅग उघडलेली आणि पाणी ओतलेले समोर दिसेपर्यंत जुन्या प्लेटला हातसुद्धा लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. गळत असले तरी. गळणाऱ्या प्लेटच्या कडेला जुना टॉवेल धरून पाच मिनिटे काढता येतात. उघड्या स्टोमावर ती पाच मिनिटे निघत नाहीत.

मी दर रविवारी दुपारी, जेवणे उरकल्यावर, आठवड्याच्या पुड्या बांधते. पुडी म्हणजे झिप असलेली एक प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात एका वेळेला लागणारे सगळे : एक कापलेली प्लेट, एक बॅग, गॉजचे घडी घातलेले सहा तुकडे, जुनी बॅग टाकायला एक काळी पिशवी आणि वर्तमानपत्राचे अर्धे पान. पेस्ट आणि पावडर प्रत्येक पुडीत घालण्यासारख्या वस्तू नव्हेत, त्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात राहतात. त्याच डब्यात वाकड्या टोकाची एक कात्री आहे, जिच्या मुठीला मी लाल दोरा बांधला आहे. लाल दोऱ्याच्या कात्रीने घरात दुसरे काहीही कापायचे नाही. माझ्या नवऱ्याने एकदा तिने पाकीट फोडले होते. त्यानंतर त्याने पुन्हा तसे केलेले नाही. मी बहुधा १० प्लेट एकदम कापते, म्हणजे महिनाभर कात्री हातात घ्यावी लागत नाही.

बदलण्याच्या वेळी एक पुडी स्टीलच्या ताटात उपडी करायची आणि वस्तू ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायच्या : ओले करायचे गॉज, कोरडे गॉज, पावडर, पेस्ट, प्लेट, बॅग. तुम्ही म्हणाल, एवढे पूजेच्या ताटासारखे मांडायची काय गरज? गरज अशी, की त्या वेळी एक हात स्टोमावर अडकलेला असतो आणि डोळे पोटावर असतात, त्यामुळे दुसऱ्या हाताला न पाहता वस्तू सापडली पाहिजे. बॅगेचे खालचे तोंड ताटात असतानाच बंद करून टाका. हे मी अनुभवाने सांगते आहे. एकदा सगळे नीट चिकटवून, समाधानाने उठून उभी राहिले, आणि खालचे तोंड सताड उघडे होते. त्या दिवशी पायजमा, चटई आणि माझी मनःस्थिती या तिन्ही गोष्टी धुवाव्या लागल्या.

सदरा हनुवटीखाली धरायला बाबांना सांगू नका. मान अवघडते आणि त्यांना स्वतःच्या पोटाकडे बघता येत नाही. कपडे वाळत घालण्याचे दोन चिमटे डब्यातच ठेवा आणि सदऱ्याचा घोळ वर गुंडाळून खांद्याजवळ अडकवा. चार आण्यांची युक्ती आहे, पण त्यामुळे त्यांचे दोन्ही हात मोकळे होतात आणि माणूस मदतीला येतो. नुसता बसून राहिलेला माणूस स्वतःला ओझे समजू लागतो.

वेळेविषयी बोलायचे तर इलिओस्टॉमी सकाळी, चहासुद्धा घेण्याआधी, सर्वांत शांत असते. मी आदल्या रात्रीचे जेवण साडेसातला उरकते, आणि झोपण्यापूर्वी ताट मांडून त्यावर दुसरे ताट पालथे घालते. तुमच्याकडे पाण्याची अडचण आहे म्हणून सुचवते : रात्री थर्मॉसमध्ये कोमट पाणी भरून ताटाशेजारी ठेवा. सकाळी ते हवे तेवढेच गरम असते, आणि अपरात्री गळालेच तर गॅस पेटवावा लागत नाही. स्वच्छतेला साधे पाणी पुरते. साबण लावायचाच असेल तर तेल किंवा क्रीम नसलेला लावावा आणि पूर्ण धुऊन काढावा, कारण त्याचा थर राहिला की प्लेट धरत नाही. बाळांना पुसायचे ओले रुमाल मिळतात, त्यांचेही तेच.

साठा कपाटाच्या खालच्या खणात ठेवावा. मोरीत नको, गॅसच्या वरच्या फळीवर नको, आणि ऊन येणाऱ्या खिडकीत तर मुळीच नको, कारण उष्णतेने प्लेटचा गोंद मऊ पडतो आणि दमटपणाने कागद सुटतो. पावसाळ्यात मी खोकी प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. याखेरीज एक पुडी बाबांच्या उशाशी, लहान बॅटरीसह असू द्या. ती रोजच्या हिशेबातली नाही. ती वापरली गेली की त्याच दिवशी नवी बांधायची.

निवृत्त परिचारिका यांचे उत्तर :

माहीमच्या ताईंनी लिहिलेले बहुतेक सर्व उत्तम आहे आणि पुडीची पद्धत मी स्वतः रुग्णांना सांगत आले आहे. तरीही एका मुद्द्यावर मला थांबवावेसे वाटते. १० प्लेट एकदम कापून ठेवणे त्यांना योग्य आहे, कारण त्यांच्या स्टोमाचा आकार वर्षानुवर्षे स्थिर आहे. आपल्या बाबांच्या शस्त्रक्रियेला २४ दिवस झाले आहेत. शस्त्रक्रियेनंतर स्टोमाला सूज असते आणि ती साधारण सहा ते आठ आठवडे उतरत राहते. आज ३५ मिलिमीटरचे असलेले माप तीन आठवड्यांनी तसे राहीलच असे नाही. त्यामुळे तूर्त एका वेळी दोन, फार तर तीन प्लेट कापा, आणि आठवड्यातून एकदा नव्याने माप घ्या.

हे माप कशासाठी इतके जपायचे, तेही सांगते. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात. ते अन्न पचवतात तसेच कातडीलाही पचवू पाहतात. भोक स्टोमापेक्षा फार मोठे झाले की मधली उघडी राहिलेली कातडी या रसांत भिजते आणि एका रात्रीत सोलवटून निघते. तुमच्याकडे गुरुवारी तेच झाले. भोक फार लहान झाले तर प्लेटची कड स्टोमावर घासते आणि तिथे जखम होते. म्हणून भोक स्टोमापेक्षा चहूबाजूंनी दोन ते तीन मिलिमीटर मोठे असावे. कापून झाल्यावर आतल्या कडेवरून बोट फिरवा, कुठे टोक राहिले असेल तर ते बोटाने दाबून गुळगुळीत होते.

स्टोमा क्वचितच नाण्यासारखा गोल असतो, बहुधा लांबट असतो. तेव्हा लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा आणि पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर साचा कापून त्यावर तारीख लिहा. इथे एक गफलत हमखास होते. साचा आपण पोटाकडे बघत काढतो, पण प्लेटवर खूण करतो ती तिच्या मागच्या, म्हणजे कातडीला चिकटणाऱ्या बाजूला. साचा तसाच ठेवला तर आकार आरशातल्यासारखा उलटा पडतो. एका बाजूला फुगलेला स्टोमा असेल तर साचा पालथा करूनच रेघ ओढा. साच्याच्या एका बाजूला 'पोट' आणि दुसऱ्या बाजूला 'प्लेट' असे लिहून ठेवा, म्हणजे रात्री विचार करावा लागणार नाही.

खोबरेल तेलाबद्दल आईंना दोष देऊ नका. आपल्याकडे सोललेल्या कातडीला तेल हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. पण प्लेट चिकटायला कातडी कोरडी आणि तेलविरहित लागते, म्हणून तिथे तेल, अंगाला लावायची पावडर, मलम, डेटॉल यांपैकी काहीही चालत नाही. कातडी ओलसर सोलली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका. थर राहिला तर प्लेट त्या पावडरीला चिकटते, कातडीला नाही. पेस्टला लोक डिंक समजतात, ती डिंक नव्हे. खाचखळगे भरून पृष्ठभाग सपाट करणे हे तिचे काम. अनेक पेस्टमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे सोललेल्या कातडीवर ती झोंबते. आपल्या बाबांना आत्ता झोंबत असेल तर नर्सना विचारून अल्कोहोल नसलेली रिंग (प्लेटखाली स्टोमाभोवती बसवायचे मऊ कडे) वापरून बघा.

प्लेट लावण्याआधी तळहातांत धरून गरम करावी, ती मऊ होते. लावल्यावर तळहात तिच्यावर एक-दोन मिनिटे ठेवून दाबावे. हे काम आईंना द्या, त्यांच्या मायेला जागा मिळेल. पुसताना गॉजवर थोडे रक्त दिसले तर घाबरू नका, स्टोमाचा पृष्ठभाग नाजूक असतो आणि त्याला वेदनेची जाणीवही नसते. मात्र त्याचा रंग ओल्या लाल-गुलाबीऐवजी जांभळा किंवा काळपट दिसला, तर वाट न बघता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

साहित्याच्या डब्यात ओआरएसची चार पाकिटे असू द्यावीत, ही माझी पुस्ती. इलिओस्टॉमी असलेल्या माणसाच्या शरीरातून पाणी आणि मीठ लवकर जाते. बॅगेतून दिवसाला दीड लिटरहून अधिक जाऊ लागले, तोंड कोरडे पडले, लघवी कमी झाली, तर नुसते पाणी पाजत बसू नये. एक लिटर पाण्यात घालायचे पाकीट एक लिटरमध्येच घालावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. बॅग एक-तृतीयांश भरली की रिकामी करण्याची सवय लावलीत तर किती जाते आहे याचा अंदाजही येतो, आणि वजनाने प्लेट ओढलीही जात नाही.

आपण लालबागला राहता म्हणून सांगते, परळ तिथून जवळ आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. बाबांचे उपचार अन्यत्र चालू असले तर प्रथम तिथल्याच स्टोमा नर्सकडे जा. जाताना गळालेली जुनी प्लेट पिशवीत घालून न्या. तिच्या मागचा भाग कुठे विरघळला आहे ते बघून नर्सला गळतीची वाट कळते.

ठाण्याचा यात्री यांचे उत्तर :

माझी युरोस्टॉमी आहे, म्हणजे मूत्रासाठी पोटावर केलेली वाट. इलिओस्टॉमीला सकाळची शांत वेळ तरी मिळते, आमच्याकडे मूत्र थेंबथेंब सतत चालूच असते. म्हणून मी पुडीत गॉजच्या चार-पाच घट्ट गुंडाळ्या करून ठेवतो. प्लेट काढली की एक गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर टेकवायची. ती वातीसारखे शोषून घेते आणि तेवढ्यात भोवतीची कातडी कोरडी करता येते. तुमच्या बाबांचा स्टोमा मध्येच वाहू लागला तर याचा उपयोग होईल. गुंडाळी आत खुपसायची नाही, फक्त टेकवायची. बाकी साहित्याची मांडणी सारखीच.

चर्चगेट स्लो यांचे उत्तर :

मी २००३ पासून कोलोस्टॉमीसह (मोठ्या आतड्याचा स्टोमा) नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. घरातल्या साठ्याबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, मी खरेदीबद्दल आणि घराबाहेरच्या तयारीबद्दल लिहितो.

हे साहित्य कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात सहसा नसते. मागवले तर दोन-चार दिवस लागतात, आणि गणपती-दिवाळीत त्याहून जास्त. त्यामुळे दोन आठवड्यांचा साठा शिल्लक असतानाच पुढचे खोके मागवायचे, अशी रेघ मी आखून घेतली होती. माझ्या कपाटातल्या शेवटून दुसऱ्या खोक्यावर लाल स्केचपेनने 'मागव' असे लिहिलेले असे. ते खोके उघडायची वेळ आली की त्याच दिवशी फोन. उलट टोकाला जाऊन वर्षभराचे एकदम घेऊ नये. प्लेटवर वापराची मुदत छापलेली असते, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत तर माप बदलणार आहे आणि स्टोमाही पुढे बंद होणार आहे.

दोन तुकड्यांची बॅग (प्लेट वेगळी आणि तिच्या कडीवर बसणारी बॅग वेगळी) वापरत असाल तर प्लेटच्या कडीचे माप आणि बनावट दोन्ही वहीत लिहून ठेवा. कॉन्व्हाटेक कंपनीकडे ५७ मिलिमीटरची कडी असते, कोलोप्लास्ट कंपनीकडे ६० ची, आणि एकाची बॅग दुसऱ्याच्या प्लेटवर बसत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवर सर्जिकल साहित्याची पुष्कळ दुकाने आहेत. तिथल्या एका दुकानदाराने मला ५७ च्या प्लेटवर ६० ची बॅग 'चालते हो, दाबून बसवा' म्हणून दिली होती. ती बसल्यासारखी दिसली आणि ग्रँट रोड येईपर्यंत सुटली. आता मी खोक्याचे झाकण कापून, त्यावरच्या क्रमांकासह पाकिटात ठेवतो आणि तेच दाखवून माल घेतो. मापाविषयी तोंडी बोलणे बंद.

बाहेर पडताना माझ्या खांद्याच्या पिशवीत एक पुडी, अर्धा लिटर पाण्याची बाटली, दोन काळ्या पिशव्या आणि एक अंतर्वस्त्र व पँटची जोडी असते. पँट तेवढी महत्त्वाची; प्लेट बदलता येते, पण भिजलेल्या पँटीने फलाटावर उभे राहता येत नाही. दुसरी पुडी कार्यालयातल्या खणात असे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी अंधेरीतल्या कार्यालयात अडकलो. बरोबरची पुडी संध्याकाळीच वापरून झाली होती. पहाटे चार वाजता, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, मी त्या खणातल्या पुडीने बॅग बदलली. प्लेट आधी कापलेली नसती तर त्या उजेडात कापणे शक्यच नव्हते. मात्र खणातली पुडी विसरून वर्षभर तशीच ठेवली तर तिचा गोंद वाळतो. दर महिन्याला ती घरी आणून वापरायची आणि नवी नेऊन ठेवायची.

विमानाने जाणार असाल तर साहित्य हातातल्या सामानात ठेवा, कारण मोठी बॅग दुसऱ्या गावी पोहोचू शकते. कात्री सुरक्षा तपासणीत अडते, म्हणून लागणाऱ्या सगळ्या प्लेट घरीच कापून न्याव्यात आणि डॉक्टरांचे पत्र जवळ असावे.

वापरलेली बॅग शौचालयात रिकामी करायची, पण बॅग शौचालयात टाकायची नाही, तुंबते. चाळीत सामायिक संडास असेल तर याकडे विशेष लक्ष द्या. कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात द्यावी.

लालबागची लेक :

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नऊ दिवसांनंतर लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

माप घेतले तेव्हा रुंदी ३२ मिलिमीटर भरली आणि आठवड्याने ती २९ झाली, म्हणजे १० प्लेट एकदम कापल्या असत्या तर त्या वाया गेल्या असत्या. साचा मी पहिल्यांदा उलटाच ठेवला होता, 'पोट' आणि 'प्लेट' वाचून सुधारला. मागच्या तीन वेळा सकाळी सहाला, बाबांच्या चहाच्या आधी, बॅग बदलली. गुरुवारी रात्री पाऊण तास लागला होता, परवा १४ मिनिटे लागली. ताट मांडणे आता आईने स्वतःकडे घेतले आहे आणि त्यातली पावडरीची डबी कोणी अर्धा इंच सरकवली तरी तिला चालत नाही. काल मी चिमटे विसरले, तर बाबांनीच आठवण केली. कातडी पूर्ण बरी नाही, पण ओलसरपणा गेला आहे आणि प्लेट सलग तीन दिवस टिकली.

एक शेवटची शंका. पुढच्या सोमवारी पहिली केमोथेरपी आहे आणि त्या दिवशी सहा-सात तास रुग्णालयात जातील. बरोबर एक पुडी पुरेल का, आणि केमोमुळे घरच्या तयारीत काही बदल करावा लागेल का?

निवृत्त परिचारिका :

दोन पुड्या न्या. केमोमुळे मळ अधिक पातळ होऊ शकतो आणि पातळ मळाने प्लेट लवकर सुटते. निघण्यापूर्वी बॅग रिकामी करा, पण आदल्या दिवशी सकाळी प्लेट बदललेली असू द्या, म्हणजे त्या दिवशी ती नवीही नसेल आणि जुनीही नसेल. घरच्या डब्यात हातमोज्यांचे एक खोके वाढवा. औषधाचा अंश शरीरातून बाहेर पडत असतो, म्हणून केमोनंतर पहिले ४८ तास बॅग रिकामी करताना आणि बदलताना घरच्यांनी हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि वापरलेली बॅग दुहेरी पिशवीत बांधावी. हा अवधी औषधाप्रमाणे बदलतो, तेव्हा सोमवारी तिथल्या नर्सला औषधाचे नाव दाखवून नक्की करून घ्या. ओआरएसची पाकिटे चाराऐवजी आठ ठेवा.

चर्चगेट स्लो :

लोकलने जाणार असाल तर दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो, रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवा. सोमवारी सकाळी गर्दी असते, बाबांना उजव्या बाजूला भिंत येईल असे बसवा.